थरथरीचं गणित

गाडीच्या थरथरीला आकडे असतात आणि ते आकडे दोषाचा पत्ता सांगतात! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.

जीप जुनी, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी. ताशी ५५ ओलांडले की सीटखालून भुर्रर्र सुरू. चाकांचं बॅलन्सिंग झालं, इंजिनाचे माउंटिंग बदलले, भुर्रर्र कायम. शेवटी कोल्हापूरचे एक म्हातारे मिस्त्री शेजारी बसले. म्हणाले, "स्पीड हाय तेवढंच ठेवा, फक्त गिअर बदला." टॉपवरून थर्ड टाकला. इंजिन ओरडायला लागलं, थरथर होती तशीच! क्लच दाबला, इंजिन निवांत. थरथर जरा मंदावली, पण गेली नाही. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. शोधायचं ते गिअरबॉक्सच्या मागे!

पुढे तर नुसता हिशोब. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर. टायरचा घेर साधारण २ मीटर धरा, चाकाचे मिनिटाला ५०० फेरे झाले. डिफरन्शियलचं प्रमाण साडेचारास एक धरलं तर प्रोपेलर शाफ्टचे २,२५०! चाकाचा दोष सेकंदाला आठ हिसके देणार, शाफ्टचा तोल गेला तर साधारण ३७. ताशी ६० लाच मोबाइल जीपच्या तळाच्या पत्र्यावर ठेवून कंपनं मोजली. आकडा आला ७५ च्या आसपास. शाफ्टच्या बरोब्बर दुप्पट!

दुप्पट म्हटल्यावर मिस्त्री लगेच म्हणाले, "क्रॉस!" म्हणजे शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट. गिअरबॉक्स वर, डिफरन्शियल खाली, मधला शाफ्ट तिरका. अशा कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर वेगात दीड टक्का इकडे, दीड टक्का तिकडे. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच हे ओळखलं होतं. सूर्यघड्याळावर सावली ज्या नियमाने कमीजास्त वेगाने सरकते, तोच हा नियम! माझ्या जीपच्या पोटात सूर्यघड्याळाचं गणित!

मग सगळ्याच गाड्या का थरथरत नाहीत? कारण क्रॉस दोन असतात. पुढच्याने घातलेला घोळ मागचा तंतोतंत निस्तरतो. अट एवढीच, की दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत. जीपखाली झोपून टॉर्च मारला, चिखल पुसला, आणि सापडलं! कधीतरी क्रॉस बदलताना कुणीतरी सरकता जोड वेगळा करून दात चुकवून बसवला होता. जुळवण्यासाठी कोरलेले दोन्ही बाण भलतीकडेच. शाफ्ट उतरवला, जोड ओढला, बाणासमोर बाण आणला, परत कसला. खर्च ग्रीसचा!

जीप आता ताशी ७० लाही गुपचूप पळते. तुमची जुनी गाडी थरथरत असेल तर पान्हा उचलण्याआधी कागद घ्या. वेग, घेर आणि प्रमाण लिहा, भागाकार करा. आणि शाफ्ट सोडवण्याआधी जोडावर खडूची एक रेघ मारायला विसरू नका!