दादा, कॅमेरा घेतला

प्रिय दादा,

कॅमेरा घेतला. तू पाठवलेल्या यादीतला नाही. फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

मालवणच्या पाण्यात तू अजून उतरला आहेस कुठे? तीन वर्षं नुसतं ‘येतो, येतो’ चाललंय. तिथे चांगल्या दिवशीही काही मीटरांपलीकडे सगळं हिरवट, धूसर. लांबून फोटो निघतच नाही. म्हणून हातभर अंतरावरचं टिपणारा छोटा कॅमेरा, त्याचं हाउसिंग म्हणजे पाणी आत न येऊ देणारं कवच, आणि उरलेले सगळे पैसे फ्लॅशवर.

फ्लॅशवर एवढे? अरे, पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाच मीटरवरच तो विटायला लागतो. आणखी खाली बोट कापलं तर रक्तही हिरवट-काळं दिसतं. तो फ्लॅश लेन्सला चिकटून नको, लांब दांडीवर बाजूला हवा. नाहीतर पाण्यातला कण न् कण उजळतो. नाशकात दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी लागतं तेव्हाची गढूळ गंगा, आपली गोदावरी, आठव, आणि त्यात टॉर्च मारल्यासारखं समज.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तूच सांगायचास ना? १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि भांडवल उभं करायला टिपलं काय, तर कुंडीत वाढणारं वाटाण्याचं रोप. मग मला कशाला मोठी लेन्स?

गंगेवर पोहायला शिकवताना म्हणायचास, ‘आधी तरंग, हात नंतर मार.’ डाइव्हिंग शिकवणाऱ्या सरांचंही तेच. हात न हलवता पाण्यात स्थिर राहता येईपर्यंत कॅमेरा काठावर. तोल गेला की फिन पोवळ्यावर आपटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तो समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे; फोटोपायी एक फांदी जरी मोडली तर मला झोप लागायची नाही.

तुझा जुना कॅमेरा मी बुडवला, तो हाउसिंगच्या रबरी रिंगवर अडकलेल्या एका केसामुळे. आत खारं पाणी भरलं. तू एक शब्द बोलला नाहीस. दादा, बोलायला हवं होतंस.

परवा रात्री नवं हाउसिंग रिकामंच, आत टिश्यू घालून, वर आईचा वरवंटा ठेवून बादलीत बुडवलं. सकाळी टिश्यू कोरडा होता. पहिल्या डाइव्हलाही रिकामंच नेणार आहे.

दिवाळीनंतर तारकर्लीला निघतेय. तुझ्या रजेचं काय ते कळव.

तुझी,
धाकटी