खुरावरची रेघ

सात रस्त्याला सात रस्ते मिळतात, हे सोलापुरात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. आमच्या घोडीला मात्र त्यातला एकच रस्ता प्यारा होता, घराकडचा. स्टेशनावरची शेवटची गाडी करून टांगा चौकात आला की अब्बा लगाम सैल सोडायचे आणि राणी आपोआप आमच्या गल्लीत वळायची. घुंगरांचा आवाज आला की आम्ही तिघं भावंडं दारात हजर. आपा कंदील धरायची, बाकीचे दोघे टांगा सोडायला धावायचे.

राणी रंगानं कुमाईत होती. पिकल्या खजुरासारखं तांबूस अंग. आयाळ आणि शेपूट काळीभोर. तिची चंदी झाल्याशिवाय अब्बा स्वतः ताटावर बसत नसत. आधी घाम वाळू द्यायचा, मग पाणी, मग दाणा. दिवसाचा दोन किलो हरभरा, तोही तीन वेळा वाटून. सोबत कडबा आणि मिळेल तेव्हा हरळी. दावणीत मिठाचा खडा कायम. सकाळी खरारा आणि शेवटी गोणपाटाच्या बोळ्यानं अंग पुसणं, हे आमचं काम. हात दुखून यायचे. पण पुसून झालं की तिच्या पाठीवर उन्हाचा तुकडा पडल्यासारखा वाटायचा.

1972 साली पाऊस गेला. त्या दुष्काळाबद्दल आमच्या जिल्ह्यात जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. रेशनवर लाल मिलो आला. त्याच्या भाकरी आम्ही पाण्याच्या घोटाबरोबर गिळल्या. कडब्याचा भाव ऐकून अब्बा बाजारातून रिकाम्या हातानं परतायचे. राणीला कधी उसाचे वाढे, कधी नुसता गव्हाचा कोंडा मिळायचा. जिच्या पाठीवर हात फिरवला की तळव्याला तेलकटपणा लागायचा, तिच्या अंगावरून आता कोरडा कोंडा उडू लागला. केस राठ होऊन उभे राहिले. तंगाखाली घाम साचून कातडी सोलली. आम्ही खरारा दुप्पट जोरानं करायचो. अब्बा म्हणायचे, "घिसने से क्या होता? अंदर कुछ है तो बाहर आएगा."

1973चा पावसाळा चांगला झाला. दसऱ्यानंतर अब्बांनी मंगळवार बाजारातून उधारीवर जवस आणला. मूठभर जवस रात्री भिजत घालायचा आणि सकाळी उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात खळखळून उकळायचा. तो चिकट, बुळबुळीत होई. मग थंड करून चंदीत कालवायचा. नुसता भिजवलेला जवस द्यायला सक्त मनाई होती. "कच्चा जवस जहर है," एवढंच कारण आम्हाला ठाऊक होतं.

अब्बांना अक्षरओळख बेताची होती. आज आम्ही वाचतो तेव्हा कळतं, की भिजलेल्या कच्च्या जवसातून सायनाइडचं विष सुटू शकतं आणि चांगलं उकळल्यानं तो धोका टळतो. जवसात सुमारे चाळीस टक्के तेल असतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-तीन प्रकारचा. कातडीला ओलावा आणि केसांना चमक येते ती अशा स्निग्धांशामुळे. आणि केस म्हणजे मुळात प्रथिन. ते चण्यातून आणि चांगल्या चाऱ्यातून मिळतं. नुसता कोंडा खाऊ घातला तर त्यातला फॉस्फरस हाडांच्या कॅल्शियमवर उठतो; म्हणून अब्बा इतर दिवसांत कोंडा जपून द्यायचे. घोड्यांच्या वैद्याला पूर्वी सालोत्री म्हणत. तो शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आला. त्याच्या नावावरचे संस्कृत ग्रंथ पुढे फारसीत गेले. 'आईन-ए-अकबरी'त बादशाही घोड्यांच्या खुराकाची नोंद आहे: दाणा, पीठ, साखर आणि हिवाळ्यात तूप. यातलं एक पानही अब्बांनी पाहिलेलं नव्हतं. पण तबेल्यातून तबेल्यात, बापाकडून लेकाकडे जे चालत आलं, ते त्यांच्या हातात होतं.

डिसेंबरात वरातीसाठी घोडी विचारायला एक बडं घर आलं. वरातीला लोकांना पांढरी घोडी हवी असते. कुमाईत घोडी चालते ती फक्त तिच्या चमकेवर. पाहुण्यानं राणीच्या पाठीवर बोट ओढलं, बोट पाहिलं आणि झटकलं. "आठ दिवसांनी परत पाहतो," म्हणाला. भाडं चांगलं होतं. त्यात उधारी फिटली असती आणि घराचं थकलेलं भाडंही. अब्बा शांतपणे म्हणाले, "आठ दिवसांत व्हायचं नाही. दोन-अडीच महिने लागतात."

आम्हाला मात्र वाटलं, रोजच्या मूठभरानं दोन महिने लागत असतील तर पोटभर दिल्यावर आठ दिवस पुरे.

सातव्या रात्री अब्बा एका मयतीसाठी परगावी गेले होते. अम्मा विड्या वळून थकून झोपली होती. आम्ही पोत्यातला हरभरा बादलीत ओतला, तासभर कसाबसा भिजवला आणि राणीच्या तोंडाला तोबरा बांधला. संपला. परत भरला. पाचेक किलो तरी गेला असेल. ती कुरकुर चावत होती, आम्ही खुशीत तिच्या मानेला गळामिठी मारत होतो. तोबरा आमच्यापैकी कुणी बांधला, हे त्या रात्रीपासून आजपर्यंत तिघांपैकी कुणी कुणाला सांगायला लावलेलं नाही.

पहाटे अब्बा आले तेव्हा राणी पुढच्या पायानं जमीन खरवडत होती, वळून वळून पोटाकडे पाहत होती. अंग घामानं निथळत होतं. त्या घामानं ती चमकत होती, आणि ते पाहून आमच्या पोटात गोळा आला. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान असतं आणि त्याला उलटी होत नाही. आत गेलेलं परत येत नाही. अब्बांनी बादली पाहिली, रिकामा तोबरा पाहिला. एक शब्द बोलले नाहीत. राणीला बाहेर काढून चालवू लागले. सात रस्त्याच्या चौकाला वळसे घालत, ती लोळू नये म्हणून लगाम आखडून धरत. गिरणीचा भोंगा झाला, पाळीचे कामगार जाऊ लागले, तरी त्यांचे वळसे चालूच. आम्ही मागोमाग. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घालून पोटात पॅराफिन सोडलं. दुपारी तिनं लीद टाकली तेव्हा अब्बा चौकातच मटकन खाली बसले.

जीव वाचला. पण दोन दिवसांनी तिचे पुढचे खूर गरम लागू लागले. ती भार मागे टाकून उभी राहायची, पाऊल उचलेना. दाण्याचा मारा पोटातून खुरांत उतरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही सार्वजनिक नळावरून घागरी भरभरून आणायचो आणि तिच्या खुरांवर थंड पाणी ओतायचो. थंडीत आमची बोटं बधिर व्हायची. कुणी सांगितलं नव्हतं तरी थांबत नव्हतो.

वरात दुसऱ्याच्या पांढऱ्या घोडीवर निघाली. आमचा टांगा तीन महिने उभा राहिला. अम्मांच्या मांडीवरचं विड्यांचं सूप आता रात्री उशिरापर्यंत खाली उतरत नव्हतं. हरभरा बंद झाला. राणीला फक्त कडबा, हरळी आणि तोच मूठभर उकळलेला जवस. फेब्रुवारी सरता सरता दिवस मोठा झाला, हिवाळ्याचे राठ केस खरारात पुंजक्यानं निघू लागले आणि खालून नवे आले. मऊ, तुळतुळीत, खजुरी. अब्बांनी सांगितलेले अडीच महिने बरोबर भरले होते. आमची राणी आरशासारखी चमकत होती, पण चालत नव्हती.

एके दिवशी अब्बांनी आम्हाला जवळ बसवलं. तिचा पुढचा खूर दाखवला. केसांच्या कडेच्या थोडं खाली एक आडवी उंच रेघ उमटली होती. "ये तुम्हारी लकीर है," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हर महीने नीचे उतरेगी."

खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. तोही केसांसारखाच, त्याच जातीच्या प्रथिनाचा. आम्ही दर महिन्याला बोटानं मोजायचो. एप्रिलात राणी टांग्याला लागली तेव्हा रेघ वरच होती. पावसाळ्यात मध्यावर आली. पुढच्या हिवाळ्यात नालबंदानं खूर तासला, तेव्हा रेघेचा शेवटचा तुकडा जमिनीवर पडला. आपानं तो उचलला. किती तरी वर्षं तो तिच्या सुईदोऱ्याच्या डबीत होता.

आता राणी नाही, अब्बा नाहीत. टांग्यांच्या जागी रिक्षा येऊनही जमाना झाला. पण लग्नसराईत सात रस्त्यावर अजून घोडी दिसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं एका लग्नाहून परतत होतो. दिव्यांच्या झगमगाटात एक घोडी उभी होती आणि एक पोरगा तेलात भिजवलेलं फडकं तिच्या अंगावरून फिरवत होता. फडक्याखाली कातडी कोरडी होती, तंगाजवळ सोललेली. आम्ही तिघंही, न ठरवता, आधी तिच्या खुरांकडे वाकलो.

"काय बघता, चाचा?" पोरगा म्हणाला.

आम्ही त्याला जवस सांगितला. मूठभर, रात्री भिजवून, उघड्या पातेल्यात उकळून. मिठाचा खडा सांगितला. घाम धुवायला सांगितला. चंदी वाटून द्यायला सांगितली, एकदम कधीच नाही. तो मन लावून ऐकत होता.

"किती दिवसांत चमकेल?"

"दोन-अडीच महिने."

तो हसला. "वरात तर आत्ता आहे, चाचा."

बँड वाजू लागला. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं, घोडीला पुढे घेतलं. चार पावलं गेल्यावर मागे वळून मोठ्यानं ओरडला, "जवस कुठं मिळतो?"

"मंगळवार बाजारात," आम्ही तिघं एकदमच म्हणालो.