साडेबारा, पावणेचार आणि आमचे पाच वाटे
(इयत्ता ४ थी)

यंदा गुरुजींनी आम्हांला अपूर्णांक शिकवले. अंश छेदापेक्षा लहान असला तर तो छेदाधिक अपूर्णांक, जसा ३/४. अंश मोठा असला तर अंशाधिक, जसा ७/४. त्या ७/४ मधला एक पूर्ण वेगळा काढून लिहिला की १ पूर्णांक ३/४ होतो. त्याला पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणायचे. नावे लांबलचक आहेत, पण वस्तू रोजच्याच आहेत. १ पूर्णांक ३/४ म्हणजे आपले पावणेदोन.

माझे आजोबा शाळेत थोडेच दिवस गेले, पण त्यांना पावकी, निमकी, दिडकी सगळी तोंडपाठ आहे. औटकीसुद्धा! औट म्हणजे साडेतीन. दोन वेळा औट सात, तीन वेळा औट साडेदहा, असे ते धडाधडा म्हणतात. इंग्रजीत दीडला असा एक सुटसुटीत शब्द नाही, 'वन अँड अ हाफ' म्हणावे लागते. आपल्याकडे सव्वा, दीड, अडीच, पाऊण सगळे तयार आहे.

आपल्या कळंबोलीतही पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. त्याची लांबी ९४ पूर्णांक १/२ किलोमीटर. त्याचा अंशाधिक अपूर्णांक १८९/२. कारण ९४ चे अर्धे अर्धे केले की १८८, आणि वरचा एक. वर्गात एकाने विचारले, "गुरुजी, सातबारा हा छेदाधिक अपूर्णांक का?" सगळे हसले. गुरुजी म्हणाले, तो अपूर्णांक नव्हे, गाव नमुना नंबर ७ आणि नमुना नंबर १२ एका कागदावर असतात म्हणून सातबारा. मला तो प्रश्न चांगला वाटला.

आता आमच्या घरचा हिशेब सांगते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी इकडच्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. पुढे शेतकऱ्यांनी मोठा लढा दिला. दि. बा. पाटील त्याचे नेते होते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. मग १९९० साली शासनाने साडेबारा टक्के योजना ठरवली. म्हणजे घेतलेल्या शंभर गुंठ्यांमागे साडेबारा गुंठ्यांचा विकसित भूखंड परत. साडेबारा आठ वेळा घेतले की शंभर होतात, म्हणून हा आठवा हिस्सा.

आमच्या पणजोबांची भातजमीन अडीच एकर होती. एकराचे चाळीस गुंठे, म्हणून अडीच एकराचे बरोबर शंभर! म्हणजे आमचे साडेबारा. पण त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने अशा सोयींसाठी पावणेचार टक्के कापून घेतात. मग राहिले किती?

मी पाटीवर असे केले. १२ पूर्णांक १/२ म्हणजे २५/२, म्हणजेच ५०/४. पावणेचार म्हणजे १५/४. पन्नास चतुर्थांशांतून पंधरा गेले, राहिले ३५/४, म्हणजे ८ पूर्णांक ३/४. माझी पेन्सिल चालू होती तोवर आजोबा बोललेसुद्धा, "पावणेनऊ." मी विचारले, कसे काढले? ते म्हणाले, "अगं, साडेबारातनं चार काढ, साडेआठ. पाव जास्ती काढला ना, तो परत टाक." त्यांची रीत लवकर होते. पण वाटे करायला माझी रीत बरी, ते पुढे कळेल.

भूखंड मिळाला पण तो अजून वाटलेला नव्हता. कागदावर चौरस मीटर लिहिले आहेत, पण आमच्या घरात गुंठ्यांतच बोलतात. या दिवाळीत सगळे ओटीवर बसले. आजोबा धरून चार भाऊ आणि एक बहीण, ती आमची आत्याआजी. एक चुलत आजोबा म्हणाले, "वाटे चार. बहिणीला साडी-चोळी देऊ." आत्याआजी काही बोलली नाही. ती आतमध्ये करंज्या तळत होती. लावणीला चिखलात मात्र तीही सगळ्यांबरोबर उभी असायची, असे आजी सांगते.

मी पाटी घेऊन बसले होते. ३५/४ चे पाच वाटे फार सोपे. पस्तीस चतुर्थांश आहेत, पाचाने भागले की प्रत्येकाला सात चतुर्थांश. ७/४, पावणेदोन गुंठे. चार वाटे केले तर पस्तिसाला चाराने भाग जात नाही. तेव्हा बाबांनी मदत केली. प्रत्येक चतुर्थांशाचे चार तुकडे करायचे, म्हणजे १४०/१६. एकेकाला ३५/१६, म्हणजे २ पूर्णांक ३/१६. आजोबांच्या मोजणीत गुंठ्याचे सोळा आणे. ते लगेच म्हणाले, "दोन गुंठे तीन आणे."

मग मी वजाबाकी केली. ३५/१६ वजा २८/१६, राहिले ७/१६. मी मोठ्याने म्हणाले, "आत्याआजीला वगळले तर एकेका आजोबांना सातच आणे जास्ती मिळतात. अर्धा गुंठापण नाही! आणि तिचे सगळे पावणेदोन जातात." आई म्हणाली, मोठ्यांत बोलू नये. पण आजोबांनी पाटी मागून घेतली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली. बाबा म्हणाले की कायद्यातही मुलीला मुलाइतकाच वाटा आहे.

चुलत आजोबा पाटीकडे पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, "सात आण्यांसाठी बहीण कशाला तोडू?" आजोबांनी वहीत पाच नावे लिहिली. पाचवे नाव आत्याआजीचे आहे, पुढे पावणेदोन असे अक्षरी लिहिले आहे. तिने आतून येऊन विचारले, "पावणेदोन म्हंजे घर बसंल का?" बाबा हसून म्हणाले, "बसंल, पुढं तुळसपण बसंल."

अजून वकिलांकडचा कागद व्हायचा आहे. धाकट्या आजोबांची सही राहिली आहे, ते पुढच्या महिन्यात गावी येणार आहेत. पाटी मी अजून पुसलेली नाही.