दहा कोयते, माणसं किती?

मी कॉन्व्हेंटवाली. 'एकोणसाठ' म्हटलं की मला अजून दोन सेकंद लागतात. आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत राहून हे सांगायचं म्हणजे... असो! पण यंदा मिनी प्रोजेक्टमुळे जे मराठी शिकले, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

प्रोजेक्ट होता ऊसतोड टोळीची नोंदवही, पीएचपीमध्ये. माझी पार्टनर केज तालुक्यातली. तिचे आई-वडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सांगलीकडे तोडीला जातात ते उन्हाळा लागल्यावरच परततात.

सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. 'सी'मधला ॲरे म्हणजे शून्यापासून नंबर टाकलेले, एकाच मापाचे खण. पीएचपीत मात्र खणाला नंबरऐवजी नावही देता येतं, त्याला 'की' म्हणतात. आणि खणात काहीही ठेवा, अगदी दुसरा ॲरेसुद्धा! मात्र एकाच नावाची दोन माणसं आली, तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो, आणि पीएचपी हूं की चूं करत नाही. गावात एका नावाचे चार जण सहज निघतात, म्हणून आम्ही नंबरच ठेवले.

नोंदी भरल्या, काउंट घेतला. दहा. "एवढीच टोळी?" मी विचारलं.

"अगं, दहा कोयते. माणसं वीस."

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर, हिशोबही कोयत्यावर, आणि तिनं गावाहून उतरवून आणलेल्या वहीत नाव फक्त पुरुषाचं. एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. हे ऐकून मी गप्पच झाले. हातातलं हत्यार म्हणजे माणूस, तेही दोन मिळून एक!

मग प्रत्येक खणात आतला ॲरे केला, दोघांच्या नावांचा. रिकर्सिव्ह काउंट लावला तर उत्तर आलं तीस, कारण तो आतली वीस माणसं मोजतो आणि बाहेरचे दहा खणही! शेवटी फॉरईच फिरवून आतलेच काउंट बेरजेत घेतले, तेव्हा कुठे वीस झाले. अर्ध्या कोयत्याच्या खणात एकच नाव, तिथेही बेरीज बरोबर येते.

व्हायवाला प्रश्न आला, "पैसे कोयत्याला मिळतात, मग आतला ॲरे कशाला? उगाच मेमरी!"

तसा प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर होतं, डेटा स्ट्रक्चर वगैरे. पण ती आधी बोलली, "सर, आई अंधार असतानाच फडात जाते. मोळ्या डोक्यावरून गाडीत तीच भरते. तिचं नाव पाहिजे."

सरांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. मार्क अजून लागलेले नाहीत.

आता खाड्याचा कॉलम राहिलाय. एकजण आजारी पडलं तरी खाडा अख्ख्या कोयत्याला लागतो, दंडासकट. तो बाहेरच्या खणात मांडायचा की आतल्या नावापुढे, यावर रोज मेसमध्ये आमचं भांडण चालू आहे.