पाय मशीनवरून उतरेना

सोलापुरात घरीच मी बायकांचे कपडे शिवते. बावीस वर्षे झाली. शिवण मला अम्मीने शिकवली. कापडावर खडू फिरला की मन हलके होते. बाही खांद्यावर एकही चुणी न पडता बसली, तर अजूनही मी ती दोनदा पाहते. म्हणून "तुला कामाचं वेड आहे" असे कोणी म्हटले, की मला ते कौतुकच वाटे.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तरावीहनंतर मशीनवर बसायची, ती थेट सहरीला उठायची. सत्ताविसावी रात्र, खरे तर इबादतीची. मी ब्लाउजना अस्तर लावत होते. डुलकी लागली आणि सुई बोटात घुसून तुटली. डॉक्टरांनी टोक काढले, आठ दिवस मशीनला हात लावू नका म्हणून बजावले. उरलेले कपडे शेजारच्या आपांनी शिवून दिले.

खरी गोष्ट त्यानंतरची. ईद झाली, हातात एकही कपडा नव्हता, तरी मला निवांत बसवेना. धाकटी मुलगी मैत्रिणीशी झालेले भांडण सांगत होती, मी नुसती मान हलवत होते. ती थांबली आणि म्हणाली, "अम्मी, मशीन बंद आहे, तरी तू तिथंच आहेस."

त्या रात्री मी स्वतःला विचारले, ही आवड आहे की आणखी काही? गिरणी बंद पडून यांची नोकरी गेली, तेव्हा घर याच मशीनवर चालले होते. आता यांचे दुकान बरे चालते, थोरला कमावतो. पण मशीन थांबली तर चूलही थांबेल, ही तेव्हाची भीती मनातून गेलीच नव्हती. तिलाच मी आवड म्हणत आले होते.

सूरह जुमुआमध्ये (62 : 9-10) अजान झाली की खरेदी-विक्री सोडून नमाजकडे जाण्यास सांगितले आहे, आणि नमाज झाल्यावर पुन्हा बाहेर पडून अल्लाहची कृपा शोधण्यास. किती वेळा वाचले होते! पण इथे कामाला कमी लेखलेले नाही, हाक आली की ते खाली ठेवता यावे एवढेच मागितले आहे, हे तेव्हा उमगले. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी तर हजरत अबू दरदा (रजि.) यांना रात्रभरच्या इबादतीपासूनही थांबवून झोपायला लावले होते. स्वतःचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क असतो, हे त्यांचे म्हणणे प्रेषितांनी (स.) खरे ठरवले.

आता अजान कानावर आली की शिवण अर्धी असली तरी उठते. नमाजमध्ये अजूनही कधी कधी बाह्या मोजते. रमजानच्या पंधराव्या रोजानंतर नवे कपडे घेत नाही. त्यामुळे दोन जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, वाईट वाटले. पण मगरिबनंतर मुलगी काही सांगू लागते, तेव्हा "परवाच्या त्या भांडणाचं पुढं काय झालं?" असे मी विचारू शकते.

अल्लाह आपल्या हातांना बरकत देवो, आणि वेळेवर हात थांबवण्याची ताकदही देवो.