सोळा नावांची पाटी



माझी चित्रवही ज्यांनी ज्यांनी पाहिली त्यांनी चित्रांपेक्षा त्यातल्या अक्षरांबद्दलच जास्त विचारलं. "कुठला क्लास लावलात?" "पेन कुठलं?" "या वयात हात स्थिर कसा राहतो?" भाचीने तर "मावशी, मला शिकवायचंच" असं फर्मानच काढलंय. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं.

आधी वहीविषयी. मुलुंडची आमची इमारत १९७४ सालची. तळमजला अधिक तीन, मजल्यावर चार, म्हणजे एकूण सोळा बिऱ्हाडं. गेल्या वर्षी ती पुनर्विकासाला गेली. कुणी ठाण्याला गेलं, कुणी डोंबिवलीला, मी इथेच दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहते. घर रिकामं करायची तारीख ठरली तेव्हा मी जाड कागदाची एक वही आणली आणि रोज एक पान करायला लागले. जिन्याचा कठडा, पाण्याची टाकी, गच्चीवर वाळत घातलेले पापड यांची जलरंगात चित्रं काढली. दूधवाल्याचं कार्ड, देखभाल खर्चाची पावती असे कागद चिकटवले. आणि प्रत्येक पानावर काहीतरी लिहिलं. नातीने पाहिलं आणि म्हणाली, "आजी, याला आर्ट जर्नल म्हणतात. आणि हे जे लिहिलंयस ना, त्याला हँड लेटरिंग." बरं बाई, तसं म्हणू!

पण मला जे उमगलं ते जरा वेगळं आहे. वहीत अक्षर सुंदर काढायला मी गेलेच नाही. अक्षर ज्याचं त्याचं काढायचं, एवढंच ठरवलं. लोणच्याच्या बरणीचं चित्र काढलं तर त्यावरचं 'लिंबू, गोड' हे शेजारच्या काकूंच्याच वळणाने लिहायचं, म्हणजे ल अंमळ मोठा आणि 'गोड'चा ड खाली घरंगळलेला. दुधाच्या कार्डावरचे आकडे दूधवाल्याच्या घाईचे. वर्गात एकोणतीस वर्षं मुलांना वळणदार अक्षर काढायला लावलं. तेव्हा सगळ्यांचं अक्षर एका कित्त्यावर यावं हा हेतू होता, आणि तो त्या वयाला योग्यच होता. इथे मात्र काम नेमकं उलटं आहे. प्रत्येकाचा कित्ता वेगळा!

आता तांत्रिक भाग, खास भाचीसाठी.

नातीने मला इंग्रजी लेटरिंगचे व्हिडिओ दाखवले. सुरेख असतात. पण त्यांची पद्धत जशीच्या तशी आपल्याला लागू पडत नाही. एक तर आपल्याकडे मोठी लिपी आणि छोटी लिपी असा भेद नाही. दुसरं म्हणजे इंग्रजी अक्षरं ओळीवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली असतात. शोभेसाठी दोन अक्षरांत ऐसपैस अंतर सोडलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिसरं, आपला अर्धा संसार ओळीच्या वर आणि खाली असतो. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार वर. उकार आणि ऋकार खाली. आपण शाळेत मराठीसाठी दुरेघी वही वापरायचो. त्यातल्या दोन रेघांत अक्षराचं शरीर बसतं, पण वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला स्वतःची जागा आखलेली नसते. म्हणून मी पेन्सिलीने चार रेघा आखते. मधला पट्टा अक्षराचा, वरचा आणि खालचा त्याच्या निम्म्या उंचीचा. सजावट करायची ती या वरच्या-खालच्या पट्ट्यांत. वेलांटी हवी तेवढी लांबवा, उकाराला झोका द्या, शब्द वाचता येतोच. पण मधल्या पट्ट्यात घ ला गाठ पडली की त्याचा ध होतो, आणि घन कधी धन झाला ते कळतही नाही. मोकळीक कुठे घ्यायची आणि कुठे नाही, हे एकदा समजलं की निम्मं काम झालं.

शिरोरेषा शेवटी. आधी अक्षरं, मग शब्दावरून एक सलग रेघ. मोडीत याच्या उलट असे. आधी ओळभर रेघ आखून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं सोडत जायची. वहीच्या एका पानावर मी मुद्दाम मोडीसारखी आधी रेघ मारून पाहिली. शब्द जरा जास्तच शिस्तीत उभे राहिले... प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखे.

हात स्थिर राहतो का? नाही राहत. थरथरतो. यावर उपाय मला पाटी रंगवणाऱ्या पेंटरांनी शिकवला, म्हणजे लहानपणी त्यांना तासन् तास पाहत उभं राहिल्याने आपोआप शिकले. ते डाव्या हातात एक काठी धरत, तिचं टोक पाटीच्या कडेला टेकवत आणि ब्रशचा हात त्या काठीवर ठेवत. मी काठीऐवजी लाकडी फूटपट्टी घेते. ओळ आखायला ते खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारत. पांढरी रेघ उमटे, आणि काम झालं की पुसता येई. ब्रश चपटा. पेन म्हणाल तर माझ्याकडे एक कट निबचं आहे, एक ब्रश पेन आहे आणि पोस्टर कलरच्या चार बाटल्या. बास.

आता थोडं मुलुंडविषयी, कारण अक्षरांच्या बाबतीत आमचं उपनगर नशीबवान. कमल शेडगे मुलुंडचे. ४ जुलै २०२० रोजी वयाच्या ८५व्या वर्षी ते गेले. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती येत, त्यांतली शीर्षकं हाताने काढलेली असत. त्यांतली कितीतरी त्यांची. शीर्षक वाचायच्या आधीच कळायचं की नाटक हसवणार आहे की रडवणार आहे. आम्ही कालिदासला नाटकाला जायचो तेव्हा ती कात्रणं मी जपून ठेवत असे. शब्दाच्या अर्थाला अक्षराचा चेहरा देता येतो, हे मला व्याकरण शिकवूनही जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या कात्रणांनी शिकवलं. पवईच्या आयआयटीत र. कृ. जोशी शिकवत. स्वतः कवी, सुलेखनकार, आणि संगणकावर आपण ज्यातून मराठी वाचायला लागलो तो 'मंगल' टंकही त्यांचाच. २००८ साली ते गेले. आणि अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातलंच कुणी पहिलं आल्यासारखं वाटलं. सुलेखनाला पद्म पुरस्कार! आमच्या वेळी 'अक्षर बरं आहे' एवढा शेरा प्रगतिपुस्तकात मिळाला तरी खूप होतं.

असो. मूळ मुद्द्यावर येते.

आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर नाव सिमेंटमध्ये उठावदार कोरलेलं होतं. त्यात एक 'श' होता आणि एक 'ल'. श देठाचा, आणि ल दोन पाकळ्यांचा, उभ्या दांड्याशिवायचा. आपण शाळेत गिरवला तोच. आता प्लॉटभोवती पत्रे लागलेत आणि त्यावर नव्या इमारतीचं नाव झळकतंय. नाव तेच ठेवलंय, अक्षरं मोठ्ठी आहेत, पण श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे. मी चार जणांना दाखवलं. तिघांना फरकच दिसला नाही. चौथे म्हणाले, "वाचता येतंय ना, मग झालं तर!"

यात कुणाचा दुष्टपणा नाही. संगणकाच्या लेखी दोन्ही ल एकच. कुठला आकार उमटवायचा ते टंक ठरवतो. हे वाचताना तुमच्या पडद्यावर कुठला ल दिसतोय, जरा बघा बरं! राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्णय काढून मराठीत देठाचा श आणि पाकळीचा ल वापरावा असं सांगितलंय. त्याच वर्षी दुकानांच्या पाट्यांचा कायदाही दुरुस्त झाला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. चांगलंच झालं. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत चालताना आता किराणा असो की केशकर्तनालय, सगळं मराठीत वाचता येतं. पण वाचताना एक गोष्ट खटकते. सगळ्या पाट्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या दिसतात. अक्षर केवढं असावं हे कायदा सांगू शकतो. अक्षर कुणाचं असावं हे कसं सांगणार?

आणि आता ती पाटी. वहीतलं सगळ्यात मोठं, दोन पानं जोडून केलेलं चित्र.

जिन्याच्या तोंडाशी सोळा बिऱ्हाडांच्या नावांची लाकडी पाटी होती. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं. इतकी वर्षं तिच्याजवळून रोज जा-ये केली, पण चित्र काढायला स्टूल टाकून समोर बसले तेव्हा ती खरी वाचली. कोण कधी राहायला आलं ते अक्षरांवरून कळत होतं! मूळची नऊ नावं एकाच पेंटरच्या हातची, चपट्या ब्रशची, प्रत्येक अक्षराला उजवीकडून तांबडी सावली. मग नंतर आलेली चार नावं दुसऱ्या हातची, सावलीशिवाय, पातळ. दोन नावं चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या अक्षरांची, त्यातल्या एकाची वेलांटी गळून पडलेली. आणि एक छापील स्टिकर.

तेरा नंबरचं नाव दुसऱ्या हातचं, म्हणजे नंतर रंगवलेलं. सकाळी दहाच्या सुमारास ऊन जिन्यात तिरकं येई तेव्हा त्या नावाखालचं आधीचं नाव उठून दिसे. रंगाचा थर जरासा वर आलेला. एक विधवा बाई आणि तिची दोन मुलं तिथे राहत. परवडेना म्हणून घर विकून ती गावी गेली. आमच्या समितीच्या नव्या कागदपत्रांत तिचं नाव असण्याचं कारण नाही. मी पानावर वरचं नाव पिवळ्या रंगाने लिहिलं आणि त्याच्याखाली तिचं नाव पेन्सिलीने, अगदी हलकं. पान तिरकं धरलं की दिसतं.

सात नंबर आमचा. ह्यांचं नाव त्या मूळच्या नऊ नावांतलं. आडनाव लांबलचक, त्यामुळे पेंटरला शेवटी जागा पुरली नव्हती. शेवटची दोन अक्षरं अंग चोरून बसलेली आणि सावलीला तर जागाच उरली नव्हती. हे दर दिवाळीला म्हणायचे, "यंदा पाटी नव्याने करून घेऊ." केली नाही. हे जाऊन अकरा वर्षं झाली. नावाच्या जागी माझं नाव घालायचं का, असं एकदा सेक्रेटरींनी विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे.

ते नाव वहीत काढायला मला तीन दिवस लागले. सरळ, सुटसुटीत लिहिलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं, पण मग ते आमच्या पाटीवरचं नाव झालं नसतं. पहिली अक्षरं ऐसपैस, मग पेंटरला अंदाज आला ती जागा, मग शेवटची दाटी... कुठल्या अक्षराशी त्याच्या लक्षात आलं असेल तेही मला ब्रश फिरवताना कळलं. चौथ्याशी. तिथे रेघ किंचित थांबली आहे. मीही तिथे थांबले.

इमारत पडली त्या आठवड्यात पाटीचं काय झालं ते कुणालाच नक्की माहीत नाही. भंगारात गेली असावी. मग मी सोळाही नावांचे वेगवेगळे फोटो काढून आमच्या व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकले. एरवी तिथे भाड्याचे धनादेश आणि ताबा कधी मिळणार यापलीकडे बोलणं नसतं. त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत गट जागा होता. डोंबिवलीहून एकांनी लिहिलं, "बाई, माझ्या नावाची गळलेली वेलांटी तुम्ही पण नाही लावलीत!" दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. म्हणाले, "नव्या बिल्डिंगला डिजिटल बोर्ड येणार आहे म्हणे. नावं तुमच्या हातची काढून देता का? स्कॅन करून टाकू." मी होकार दिला आहे. फक्त अट घातली आहे की ज्याचं त्याने कागदावर आपलं नाव स्वतःच्या हाताने एकदा लिहून मला पाठवायचं. आत्तापर्यंत अकरा आली आहेत. पाच बाकी आहेत, त्यांच्या मागे लागले आहे. वर्गाची सवय!

तेव्हा भाचे, क्लासबिस काही लावू नकोस. चार रेघा आख, फूटपट्टीवर हात टेकव, आणि तुझ्या इमारतीच्या पाटीसमोर सकाळच्या उन्हात स्टूल टाकून बस. कुणाचं तरी नाव त्याच्याच अक्षरात काढ. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा वही घेऊन ये, तपासून देईन. लाल शाई काढणार नाही, काळजी नको.