खोगीर शिवणाऱ्याच्या घरातली सहा टिंबे

पॅरिसच्या पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर कूव्रे नावाचे गाव आहे. तिथे एक जुने दगडी घर जतन करून ठेवले आहे. हा राजवाडा नाही, किल्ला नाही. घोड्यांची खोगिरे आणि लगाम शिवणाऱ्या एका कारागिराचे घर आहे. लुई ब्रेल यांचा जन्म याच घरात ४ जानेवारी १८०९ रोजी झाला.

बापाची कामाची जागा आजही पाहायला मिळते. तीन वर्षांचा लुई तिथलेच एक टोकदार हत्यार घेऊन खेळत होता. ते डोळ्यात घुसले. जखम चिघळली आणि पुढे दुसराही डोळा गेला. पण मायबापांनी पोराला कोपऱ्यात बसवले नाही. गावच्या शाळेत घातले आणि १८१९ साली पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत पाठवले.

१८२९ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, लुईने आपली लिपी प्रसिद्ध केली. वाचकांना नवल वाटेल, त्या पुस्तकात संगीत लिहिण्याची रीतही होती. ऐकून वाजवणारे अंध वादक पूर्वीही होते. पण संगीत स्वतःच्या बोटांनी वाचण्याची आणि लिहून ठेवण्याची वाट या सहा टिंबांनी मोकळी केली.

आजच्या ब्रेल संगीतात वरची चार टिंबे स्वर सांगतात, खालची दोन त्याची लांबी. एक हात वाचतो, दुसरा वाजवतो. मग हात बदलायचे आणि दोन्ही मनात जुळवायचे. डोळसाला पानावर एका नजरेत दिसते, ते इथे एकामागून एक येते. म्हणून पाठही लहान तुकड्यांत, हातवार करून द्यावा लागतो.

पूर्वी एकेक पान जाणकाराला हाताने उतरवावे लागे. आता संगणकात एकदा स्वर भरले की म्यूझस्कोअरसारखे मोफत सॉफ्टवेअर ते ब्रेलमध्ये उतरवते. त्याच नोंदीतून कमी दिसणाऱ्याला ठळक मोठे स्वर देता येतात, नवख्याला संथ लयीत ऐकवता येते. मात्र पानाचा नुसता फोटो संगणकात ठेवला, तर अंधाला ते पान कोरेच. आणि यंत्राने उतरवलेले तपासायला ब्रेल जाणणारा माणूस लागतोच.

लुई ब्रेल १८५२ साली वारले. १९५२ साली त्यांचा देह पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशाच्या थोरांशेजारी नेला. हात मात्र कूव्रे गावातच राहिले. आपले मराठी ब्रेलही त्याच सहा टिंबांवर चालते. आपल्या वस्तीतले एखादे अंध लेकरू पेटीपाशी बसत असेल, तर "ऐक आणि वाजव" एवढ्यावर थांबू नका. त्याला वाचायलाही शिकू द्या.